मॉस्को सगळेच बघतात

२ जानेवारी १९८३, सकाळी ६
आजपासून रोजनिशी. पुढे प्रवासवर्णनाला उपयोगी पडेल. शिक्षकांच्या शिष्टमंडळात माझी निवड! मे महिन्यात बारा दिवस रशिया. पासपोर्ट ३१ मार्चपर्यंत हातात हवा, एवढीच अट. नोकरीतलेच शिक्षक नेतात आणि मी पुढच्या वर्षी निवृत्त. म्हणजे हीच पहिली आणि हीच शेवटची संधी. सव्वीस वर्षं फळ्यावर रशिया काढतोय, आता पाय ठेवणार.
कार्यक्रम सगळा मॉस्कोत, मध्ये पाच दिवस मोकळे. मॉस्को सगळेच बघतात. मी बैकल सरोवर बघणार. हिला अजून सांगितलेलं नाही.

९ जानेवारी
अर्ज मुंबईला रवाना. शेजारचे राजाभाऊ म्हणाले, घरी पोलीस चौकशी होते. होऊ दे. परदेशाचा मामला, मोठा अधिकारी येईल. जीपने. बहुधा साध्या वेशात.

१६ जानेवारी
रशियन भाषेचा अभ्यास. भाजीवाल्या सोनूबाईला 'स्पासीबा', म्हणजे धन्यवाद, म्हणालो. तिने मेथीची जुडी काढून घेतली. भाषा शिकताना असं होतंच.

२३ जानेवारी
हिशेब पक्का. मॉस्कोहून रेल्वेने बैकल चार दिवस. एक दिवस सरोवर. परतीचं तिथे गेल्यावर बघू.
मालिनीला आज सांगितलं. तिने आंबा घाटात एसटीत मला झालेल्या उलटीचा विषय काढला. ती शिळ्या वड्यामुळे झाली होती. रेल्वेत मला काही होत नाही. (रेल्वेत अजून बसलेलो नाही.)

५ फेब्रुवारी
राजाभाऊंनी नवीनच बातमी आणली. रेडिओच्या लायसनची तपासणी सुरू झाली आहे म्हणे, गाडीतळावर दोघांचे रेडिओ उचलून नेले. आमचं लायसन एकोणऐंशीत संपलंय. आणि मी त्याच ट्रान्झिस्टरवर रोज मॉस्को ऐकतो! ऐन चौकशीच्या वेळी बिनलायसनी रेडिओ सापडला तर संपलंच. सोमवारी पोस्टात जाऊन फी भरून टाकणार.

१२ फेब्रुवारी
पोस्टात जमलं नाही. सोमवारी रांग होती, मंगळवारी छत्री विसरलो. (ऊन फार होतं.)
दुपारी सायकलवरून हवालदार! खिडकीतूनच ओळखला प्रकार. रेडिओ तांदळाच्या पिंपात, मी माळ्यावर पेंढ्यात. मालिनीला सांगून ठेवल्याप्रमाणे तिने 'घरी नाहीत' म्हटलं. गेला.  बुद्धी वेळेवर चालली.

१९ फेब्रुवारी
आला! चौकशी अधिकारी आला! सफारी सूट, काळी बॅग, गोड बोलणं. वय, आजार, घरात कोण कोण, सगळं खोदून विचारलं. तुमचं काही बरंवाईट झालं तर पत्नीचं काय, असंही. परदेशी जाणाऱ्या माणसाची सरकार किती काळजी घेतं! कॉफी, आंबापोळी, तीन ठिकाणी सह्या, वर फी. जाताना म्हणाला, आता निर्धास्त राहा.
निर्धास्त आहे.

२६ फेब्रुवारी
हवालदार पुन्हा. मी पुन्हा माळ्यावर. तो गेल्यावर मालिनी वैतागली. त्याच्या कागदावर तुमचं पूर्ण नाव आहे, जन्मतारीख आहे, रेडिओला जन्मतारीख कशाला लागते, म्हणाली. मी म्हटलं, सरकार आहे, काहीही विचारतं. पुढच्या वेळी 'घरी नाहीत' असलं गुळमुळीत नको. 'इथे राहातच नाहीत' असं स्पष्ट सांग. एकदाचा नाद सोडेल.
ती नको म्हणत होती. मी आवाज चढवला. घरात एकाने तरी खंबीर राहावं लागतं.

८ मार्च
पोस्टाने विम्याची पावती आली. माझा वीस वर्षांचा विमा उतरला आहे. सफारीवाला विमा एजंट होता. मला पहिल्यापासूनच संशय होता.
मग खरा अधिकारी कुठे अडकला?

१२ मार्च
हवालदार तिसऱ्यांदा. मालिनीने एका दमात सांगितलं, सोहनी इथे राहात नाहीत. त्याने लिहून घेतलं आणि गेला. आता येणार नाही. सुटलो!

२० मार्च
अकरा दिवस राहिले. पासपोर्ट नाही. मालिनीने विणलेला स्वेटर घालून सराव केला. चक्कर आली.

२८ मार्च, शिमगा
तीन दिवस. पालखी दारात आली तरी माझं लक्ष पोस्टमनकडे. रात्र रात्र डोळा लागत नाही. देवाला नारळ बोललो. बैकल राहू दे, नुसतं मॉस्को झालं तरी चालेल.

३० मार्च
पत्र आलं. तसंच उतरवून ठेवतो: 'पोलीस अहवालानुसार अर्जदार सदर पत्त्यावर राहात नाही. सदर माहिती अर्जदाराच्या पत्नीने दिली. अर्ज बंद करण्यात येत आहे.'
चौकीवर धावलो. हवालदार उठून उभा राहिला. भागोजी. माझाच जुना विद्यार्थी, भूगोलात कच्चा. म्हणाला, "मास्तर, तीन फेरे मारले तुमच्यापायी. तुमी हितंच ऱ्हाता ता मना काय ठाव नाय? पन बाईच बोलल्या, नाय ऱ्हात, मग मी काय लिवनार?"
 नवीन अर्जाला दोन महिने तरी लागतात म्हणाला. मला चहा पाजला.

१ एप्रिल
माझ्या जागी दुसऱ्या शिक्षकांचं नाव गेलं, तार आली. फार वाईट वाटतंय. मालिनी परवापासून धड जेवलेली नाही, माझ्या तोंडून गेलं ते, म्हणते. चूक तुझी नाही, एवढं म्हणायला मला दोन दिवस लागले.
दुपारी पोस्टात गेलो. रांग नव्हती. लायसन काढलं. नाव, खालची आळी, रत्नागिरी, वर सरकारचा गोल शिक्का. म्हणजे मी इथे राहतो, हे आता कागदोपत्री पक्कं झालं.
संध्याकाळी पिंपातून रेडिओ काढला. हलवला की आत तांदूळ वाजतात. तासभर काटा फिरवला. मॉस्को लागत नाही. रत्नागिरी मात्र स्वच्छ लागतं.