पेनल्टीचा मान

सर,

'आदरणीय' लिहिणार होतो, पण परवा तुमच्या दहाव्याला तो शब्द सगळ्यांनी इतका वापरला की माझ्यासाठी उरलाच नाही.

तुमच्या राजुरीत मांडव भरून आपली पिंपळवंडीची माणसं होती. प्रवचन झालं, मग श्रद्धांजलीची भाषणं. बोलणाऱ्यांना तुमच्यापेक्षा माझीच आठवण जास्त. "सर व्हते तवा टीम व्हती. आता पोरं नुसती पळत्यात," एक जण माइकवर म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "या कोचनं सरांचा निम्मा गुण उचलला तरी लई झालं." पुढं माझं नाव पुकारलं, तर मी उठलो नाही. बोललो असतो तर कळंबच्या फायनलचंच बोललो असतो, आणि काकूंसमोर ते बरं दिसलं नसतं. म्हणून इथं लिहितोय.

उपकार विसरलेलो नाही. "फुटबॉल खाऊन पोट भरतं का?" म्हणत वडलांनी मला कांद्याच्या लागणीला अडकवलं होतं. तुम्ही पॅन्ट दुमडून आमच्या वाफ्यात उतरलात आणि दुपारपर्यंत रोपं लावलीत. वडील ओशाळले. "न्या सर त्याला," म्हणाले. माझा डावा पाय तुम्ही घडवलात. रिटायर होताना पिंपळवंडीच्या संघाचा हेडकोच म्हणून माझंच नाव सुचवलंत.

मग सर, गादी दिलीत तर तिच्यावरून उठला का नाहीत?

रोज संध्याकाळी लाइनीपलीकडं तुमची खुर्ची. शिट्टी मी वाजवायची आणि पोरांनी बघायचं तुमच्याकडं. मी छोटे पास द्या म्हणायचो, तिकडून तुमचा आवाज, "उचलून हाण रं!" तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

आणि तो तुमचा मानाचा नियम. आपल्याकडं यात्रेत पालखीला पहिला खांदा कुणाचा, नारळ कुणाचा, सगळे मान ठरलेले. तुम्ही तेच मैदानावर आणलंत. पेनल्टी म्हणजे मान, आणि तो संघातल्या सगळ्यात जुन्या खेळाडूचा. त्याला ती मारता येते का, हे विचारायचंच नाही. तुमच्या वेळी ते निभावलं, कारण जुना खेळाडू मी होतो आणि मला मारता येत होती.

मी कोच झाल्यावर ते मोडलं. सरावात जो नीट मारेल त्यानं मारायची. किसन सगळ्यात नीट मारायचा. मेंढरं राखणाऱ्या घरातला, संघात नवा, पण गोलकीपरसमोर कधी बावरला नाही.

कळंबची फायनल आठवते ना? बरोबरी, शेवटची मिनिटं, आणि आपल्याला पेनल्टी. मी किसनचं नाव घेतलं. तो चेंडू घेऊन निघालासुद्धा. तेवढ्यात तुम्ही खुर्चीवरून उठलात. "ए, मान कुणाचा? इशालचा! दे त्याला." किसननं माझ्याकडं बघितलं, मग तुमच्याकडं, आणि चेंडू विशालच्या, संघातल्या सगळ्यात जुन्या पोराच्या, हातात दिला. विशालनं चेंडू दोनदा ठेवला, दोनदा उचलला. तुम्हाला दिसलं नाही का हो, सर? चेंडू बारवरून गेला तो थेट उसात. मग त्यांनी गोल केला आणि आपण हरलो.

गावची माणसं मैदानाच्या पलीकडच्या बाजूला होती. त्यांनी एवढंच बघितलं, की किसनकडचा चेंडू विशालकडं गेला. परतीच्या टेंपोत माझा उद्धार सुरू झाला. "ऐन टायमाला पोरगं बदलतो, कोचला अक्कल न्हाई." खेळाडूंना खरं माहीत होतं, पण तुमच्यासमोर तोंड कोण उघडणार? मी वाट बघत होतो, आता सर मागं वळून म्हणतील, अरे, ते मी सांगितलं. तुम्ही वळलात आणि म्हणालात, "जाऊ द्या, कोच नवा हाय. शिकंल."

दुसऱ्या दिवशी मी तुमच्या घरी आलो. लोकांना खरं सांगा म्हणून विनवलं. तुम्ही बशीत चहा ओतत म्हणालात, "या वयात माझी अब्रू घालवतो व्हय? तू जवान हायेस, तुला पचंल."

नाही पचलं, सर. अजून घशाशी आहे. आणि मी तरी कोच राहिलो, किसननं खेळणंच सोडलं. बोलवायला गेलो तर म्हणाला, "मान आमाला कवा व्हता कोच? आमी कडंला हुबं ऱ्हाणारी माणसं." यावर मी त्याला काय सांगायला हवं होतं? तुम्ही सांगा, सगळी उत्तरं तुमच्याकडंच असायची.

आता तुमच्या नावानं स्पर्धा भरतेय. दहाव्यालाच जाहीर झालं, आणि मला बाजूला घेऊन बजावलं गेलं, "पेनल्टी सरांच्या पद्धतीनंच. त्यांच्या आत्म्याला बरं वाटंल."

तर तुमच्या आत्म्याला सांगून ठेवतो. उद्या मी परत किसनच्या घरी जाणार आहे. नाही म्हणाला तर परवाही जाईन. तो आला की पेनल्टी तोच मारेल, तुमच्या फोटोला घातलेल्या हारासमोर. आणि चुकला, तर सगळ्या गावासमोर उभा राहून मी म्हणेन, नाव मी घेतलं होतं.

एवढं एक वाक्य तुम्हाला जमलं असतं, सर, तर परवा दहाव्याला मला रडू आलं असतं.

तुम्हीच घडवलेला,
संतोष