जो अजून आला नाही त्याची मूठ

आई,

तुझा धाकटा गेला. दोन वर्षं होतील आता. तुला कळवायचं मी टाळत होते, जणू मी लिहिलं नाही तोवर ते पक्कं होणार नव्हतं. तिकडे तुमची गाठ पडली असेल तर तुला कळलंच असेल म्हणा, पण त्याचा स्वभाव तुला माहीत आहे. ‘काही नाही, सहज आलो,’ एवढंच म्हणाला असेल. म्हणून नीट सांगते. सकाळची वेळ होती. दुकानात पंपाची मोटर उघडून बसला होता, चहा मागवला होता. चहावाला आला तेव्हा हा मान खाली घालून तसाच बसलेला. त्याला वाटलं, कामात गुंतलाय. कपावर बशी झाकून तो निघून गेला. मी धुळ्याहून एरंडोलला पोचले तेव्हा त्याला घरी आणलेलं होतं, पण दुकानाची किल्ली आणायला गेले तर तो कप तिथेच होता, बशी झाकलेला. लोक मला म्हणत होते, रडून घ्या, मन मोकळं करा. मी बशी उचलून बघितली. साय धरली होती.

तेव्हापासून माझं लिहिणं बसलं. पेपरवाल्यांनी माझं सदर बंद केलं हे मी सगळ्यांना सांगते, कारण त्यात माझा मान राहतो. खरं म्हणजे त्याआधीच मला टिंगल जमेनाशी झाली होती. सकाळी फोन उघडावा तर कुठे बॉम्ब पडलेले, कुठे पोरांना जमावाने मारलेलं, आणि त्याखाली लोकांनी हसरे चेहरे चिकटवलेले. तीस वर्षं मी जगाच्या खोड्या काढून पोट भरलं. आता जगच इतके घाणेरडे विनोद करतं की माझी गरज उरली नाही. आणि लिहिलं तरी वाचून दाखवायला तो नव्हता. माझे लेख तो दुकानात मोठ्याने वाचायचा, मोटर दुरुस्त करून घ्यायला आलेल्यांना सुटका नसायची.

त्यातलाच एक लेख. तुला आठवतोय, मला माहीत आहे.

कानबाई देवी बसवायच्या आदल्या दिवशी तू नैवेद्याच्या रोटांचे गहू मोजायला बसायचीस. श्रावणातला शनिवार, नुकतंच न्हाऊन आलेली तू, पुढ्यात सूप, आणि घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ. सव्वा आबांची, सव्वा नानाकाकांची, सव्वा धाकट्याची. बाराव्या वर्षी मी विचारलं होतं, माझी कुठंय? तू म्हणालीस, तुझी तुझ्या घरी. पुढे माझ्या घरी गेले तर तिथेही पुरुषांच्याच मुठी. ते घर सोडून आले तेव्हा दोन्हीकडच्या सुपांत माझ्या नावाचा दाणा नव्हता. पण तू मात्र तीन मुठींनंतर थांबायची नाहीस. चौथी घालायचीस. तुझी थोरली जाऊ, मोठी माय, दरवर्षी विचारायची, “ही वरली कोनी व?” आणि तू मान वर न करता म्हणायचीस, “जो आजून उना नही, त्यानी.”

सगळ्यांना वाटायचं तुला आणखी एक मुलगा हवाय. म्हणून मी लिहिलं. सरकारी दवाखान्यात कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन करून आलेली बाई दरवर्षी देवीकडे एका जास्तीच्या पुरुषाची मागणी कशी नोंदवते, आणि देवीच्या कचेरीत तो अर्ज कसा या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो. मला अजून पाठ आहे. चांगलाच जमला होता. कानबाईच्या दिवशी तुझ्याच लेकाने तो भर स्वयंपाकघरात वाचला. तू चुलीपुढे होतीस, खापरावर पुरणाचा मांडा टाकलेला. काकू हसल्या, नाना हसले, मोठी माय पदर तोंडाला लावून हसली. मांडा उलटल्यावर तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, “तुले बठ्ठं दिसस. पन हासू ई तितलंच.” मला सगळं दिसतं, पण हसू येईल तेवढंच, हे सांगताना तू रागावली नव्हतीस. रागावली असतीस तर मी त्यावरही एक लेख लिहिला असता.

पुढच्या वर्षीही तू ती मूठ घातलीस. आबा गेले, नाना गेले, तेव्हाही एक धाकट्याची आणि एक वरची. तू गेलीस आणि तुझ्या सुनेने वरची बंद केली. मी विचारलं तर म्हणाली, “ताई, त्या लेखाने त्यांना लाज वाटली असेल ना. मला वाटलं, नकोच.” इतकी वर्षं एकट्या नवऱ्याच्या नावाची सव्वा मूठ घालत होती बिचारी. त्या एवढ्याशा पिठाचे रोट, खीर आणि गंगाफळाची भाजी तिघं पुरवून खायची.

मागच्या वर्षी दुःखाचं साल म्हणून कानबाई बसवलीच नाही. या वर्षी तुझ्या सुनेचा फोन आला. “ताई, तुम्ही येता का? मला काही सुधरत नाही.” मी गेले. देवाधर्माचं माझं काय आहे तुला माहीत आहे, पण तिचा आवाज ऐकून नाही म्हणवलं नाही. पोचले तर सूप पुढ्यात, गहू निवडून तयार, आणि ती नुसती बसलेली. मोठी माय पाटावर. पंच्याऐंशी उलटलेली, दात एक नाही, अधिकार सगळा शाबूत.

“आते कोनी मूठ टाकशी?” ती म्हणाली. “घरमा मानूस नही. रोट बंद करा. आमना घर या, दर्शन ल्या.”

वाईटपणा नव्हता बोलण्यात. तिच्या लेखी तो हिशेब होता: पुरुष शून्य, मुठी शून्य. पण तुझ्या सुनेचा चेहरा मी बघितला आई. त्या बशीखालच्या चहासारखा. या घरात आता कुणीच उरलेलं नाही, असं तिला तिच्याच स्वयंपाकघरात सांगितलं जात होतं, आणि तिला ते पटत होतं.

तुझी नात दारात उभी होती. एकोणीसची झाली, जळगावला कॉलेजात जाते, जीभ माझ्यावर गेली आहे. “आजी, मी काय खांब आहे का घरातला? माझी घाला.”

“तू ते परका घरनी.”

“मग आत्या कुठली? ती तर तिथूनही परत आलीय.”

एरवी मी या वाक्यावर जीव ओवाळून टाकला असता. पण मोठी मायचं तोंड घट्ट मिटलं, सून रडायला लागली, आणि आता हे भांडण होणार, आणि भांडणाअखेर सूप तसंच उचलून ठेवलं जाणार, हे मला स्पष्ट दिसलं. तेव्हा मी खाली बसले. गव्हात हात घातला आणि मूठ भरून सुपात टाकली, वर पाव मूठ.

“ही कोनी?” मोठी माय म्हणाली.

मी तुझं वाक्य म्हटलं. तुझ्याच बोलीत, जी बोलायची मी किती वर्षांपूर्वी सोडून दिली. मला वाटलं, ती हसेल. ती हसली नाही. म्हणाली, “तुनी माय म्हनायची.” तेवढ्यात तुझी नात पुढे आली, माझ्या शेजारी टेकली, कुणाला न विचारता तिने मूठ भरली आणि टाकली. मी डोळे मिटून वाट बघत होते.

“नुसती नको टाकू,” मोठी माय म्हणाली. “सव्वा ले, सव्वा.”

रोट झाले. दोन मुठींचे किती होणार, पण झाले. देवी म्हणून मांडलेल्या नारळाला सुनेने नथ घातली. मी अजून लिहीत नाही. जग सुधारलेलं नाही. तो आलेला नाही, येणार नाही, आणि त्याचा कप मी धुऊन माझ्याकडे ठेवला आहे. तू नक्की कुणासाठी घालत होतीस, हे मी तुला कधी विचारलं नाही. विचारायच्या ऐवजी लिहिलं. हा कागदही गव्हाच्या कोठीत तळाशी जाईल, पुढच्या श्रावणात नातीला सापडला तर सापडला.

एक सांगायचं राहिलं. ते वाक्य म्हणताना, मूठ उघडून गहू सुपात पडत होते तेव्हा, मी एकदा दाराकडे बघितलं.