बोटभर वर

फाल्गुन वद्य पंचमी, शके १८६४

आज रेल्वेच्या लाईनीवर मुकादम झालो. बार्शीहून सकाळच्या गाडीनं निघालो आणि मोगलाईत, येडशीच्या अलीकडं, मठवाडीच्या चौकीवर ट्रंक टाकली. खोली एकच, पण दाराला कडी शाबूत आणि मागं लिंबाची गार सावली. निघताना सासरे म्हणाले होते की मोगलाईत पाणीसुद्धा विचारून प्यावं लागतं. इथं तर उतरल्या उतरल्या इरम्मा नावाच्या म्हातारीनं आपणहून तांब्या पुढं केला, वर जोंधळ्याची भाकरी आणि शेंगाची चटणी. सासऱ्यांना हे कळवायलाच हवं.

हाताखाली दहा-बारा माणसं आहेत. सगळ्यांत वडीलधारा महांतप्पा, इरम्माचा नवरा. तो चावीवाला, म्हणजे रोज रुळावरून चालत जायचं आणि सैल खिळा दिसला की घण घालायचा. मी सगळ्यांना उभं करून सांगितलं की इंजिनाचा रुबाब लोक बघतात, पण रूळ लाकडी स्लीपरला धरून ठेवतो तो खिळा. त्याचं डोकं रुळाच्या पायावर घट्ट टेकलंच पाहिजे. माझ्या हद्दीत एकही खिळा सैल दिसता कामा नये. महांतप्पा नुसता मान डोलावत राहिला.

चैत्री पुनवेला गिरिजा बाळाला घेऊन येरमाळ्याला जाणार आहे, येडाई देवीपुढं जावळ काढायला. बार्शी ते येडशी याच रुळांवरून जाईल आणि याच रुळांवरून परतेल. नवऱ्यानं ठोकलेल्या रुळांवरून! मला आजपासूनच मिशीला पीळ द्यावासा वाटतोय.

फाल्गुन वद्य अष्टमी

आज डोकं फिरलं. चौकीच्या वर, उताराच्या मधोमध, मठाचं वळण आहे. तिथल्या ओळीनं काही स्लीपरांवरचे सगळे खिळे बोटभर वर! तेही वळणावर, जिथं रूळ बाहेर रेटला जातो. मी महांतप्पावर ओरडलो. तो शांतपणे म्हणाला, "मुकादम, आमच्यात मेलेलं माणूस पुरताना निजवत न्हाईत, बसवत्यात. मठाची जुनी माणसं हितं खाली बसल्यात. लाईन आली तवा गावानं एवढंच मागून घेतलं, हितला खिळा बोटभर वर ऱ्हाऊ द्या."

म्हणून दर सोमवारी इरम्मा तिथं विभूती आणि बेलाचं पान ठेवते, आणि ड्रायव्हर लोकही सवयीनं गाडी हळू करतात. सगळ्यांचं ठरलेलं, मीच तेवढा परका.

मी म्हणालो, मेलेल्यांना नारळ देईन, पण जित्यांना घट्ट रूळ मिळालाच पाहिजे. घण हातात घेतला आणि एकूणएक खिळा स्वतः ठोकला. महांतप्पा पागोटं काढून उभा होता. मला हसू आवरेना.

फाल्गुन वद्य नवमी

सकाळी खिळे पुन्हा बोटभर वर. गावच्या लोकांनी पहार लावली असणार. पुन्हा ठोकले.

फाल्गुन वद्य एकादशी

आज दिवसभर स्वतः वळणावर बसून राहिलो. भाकरीही तिथंच खाल्ली. माणूस फिरकलं नाही, सकाळच्या गाडीनंतर गाडीही आली नाही. दुपारच्या उन्हात माझ्या डोळ्यांसमोर एक खिळा वर आला. सावकाश, आळस देत उठावं तसा. मग शेजारचा.

लाकूड उन्हानं आकसतं, लोखंड तापतं. मला लहान मूल समजू नये. खिळे आखूड आहेत, लाकडाच्या तळापर्यंत पोचत नाहीत, म्हणून सरकतात. उद्या बार्शीला माणूस धाडतो. लोहाराकडून लांब खिळे घडवून आणतो, स्लीपर भेदून खाली जमिनीत रुततील असे. मग बघू कोण वर येतं ते.

चैत्र शुद्ध प्रतिपदा, शके १८६५

चौकीवर गुढी उभारली आणि लांब खिळे ठोकायला निघालो. इरम्मा वाटेत आडवी बसली. म्हणाली, "लेकरा, त्यांची टकुरी हितंच हाईत, लाकडाच्या बुडाला. लांब खिळा घालू नगंस." महांतप्पानं घण धरायला नकार दिला. बाकीचेही मागं सरले. मी म्हातारीला हात जोडले, बाजूनं गेलो आणि एकटाच ठोकत बसलो.

शेवटच्या हातभराला खिळे फार सहज गेले. जमीन लागल्यासारखं वाटलं नाही. पण बसले! संध्याकाळपर्यंत एकही हलला नाही. गुढी उतरवताना शीळ घालत होतो.

चैत्र शुद्ध पंचमी

खिळे जागेवर आहेत. पण त्यांच्या कडेनं राख वर येतेय, पांढरी, मऊ. रोज पुसतो. आज पुसल्यावर प्रत्येक स्लीपरवर तीन आडव्या रेघा राहिल्या, कपाळावर विभूती ओढतात तशा. बोटं कुणाची? इरम्मा तर तापानं घरात पडून आहे.

महांतप्पा म्हणतो की लांब खिळे काढा, मठात जाऊन माथा टेका, आजही ऐकून घेतील. मला भीती वाटली, हे इथं लिहून ठेवतो. पण भीती वाटली म्हणून रूळ सैल सोडणारा मुकादम मी नव्हे. गिरिजाला येऊ नकोस असं कळवणारही नाही.

चैत्र पौर्णिमा

गाडी चढली! घाटाकडं चढताना गाडी हळूच असते, वळणावर तर बैलगाडीसारखी. गिरिजा खिडकीत होती. तिनं बाळाला उंच धरलं. डोकं भरून जावळ, अगदी अस्वलाचं पिल्लू. मी हिरवं निशाण एवढं हलवलं की काठी मोडली. रूळ तसूभर हलला नाही. महांतप्पाला म्हणालो, बघा! तो रुळाकडं बघत होता, गाडीकडं नाही.

गाडी गेल्यावर खिळे मोजून बोटभर वर.

चैत्र वद्य प्रतिपदा

आज येरमाळ्यात यात्रेच्या रिवाजानं लोक चुनखडी वेचत असतील. गिरिजा परवा परतेल.

ठोकायला गेलो तर घण उसळतो. उपटायला गेलो तर पहार वाकते. दोन्हीकडून अडवणूक. खालून खिळा कुणीतरी धरलाय. मी दोन्ही हातांनी धरला तेव्हा तो माझ्या मुठीत फिरला. गरम होता.

एक तेवढा निघाला. भोकाला डोळा लावला. आतून वारा आला, माणसाच्या नाकातून यावा तसा. राख डोळ्यात गेली. मी भोकात तोंड घालून ओरडलो की माझी बायको जाणार आहे इथून, काय करायचं ते मला करा.

ओरडायला नको होतं. आतलं सगळं गप्प झालं. ऐकल्यासारखं.

चैत्र वद्य द्वितीया

मठात गेलो. माथा टेकला नाही, टेकणारही नव्हतो, फक्त विचारलं काय हवंय. महास्वामी म्हणाले की लांब खिळ्यांनी खाली एकाची बैठक मोडली आहे. जागा रिकामी आहे. इतकंच बोलले.

जागा रिकामी असेल तर खडी भरू. घमेली घमेली ओतली — जाते कुठं कळत नाही.

चैत्र वद्य तृतीया

सकाळ. सगळे खिळे हातभर वर. रूळ सुटला. महांतप्पाला लाल निशाण देऊन उताराच्या वर धाडलं. पळाला बिचारा, या वयात. पण यात्रेची भरलेली गाडी उतारावर — लगेच थांबत नाही. सगळ्यांना ठाऊक आहे.

बाकीची माणसं पळाली. बरं झालं.

घण टाकला. परवा उपटलेल्या खिळ्याच्या भोकावर गुडघा टेकला तर आजूबाजूचे खिळे खाली गेले. आपोआप. उठलो — वर. बसलो — खाली.

म्हणजे असं आहे तर.

मांडी घालून बसलोय, दोन रुळांच्या मधे. सगळे खिळे घट्ट, डोकी रुळाच्या पायावर टेकलेली. इतकं सुबक काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं. खडी मांड्यांवर आली. थंड नाही. शेजारी कुणीतरी — खांद्याला खांदा —

शिट्टी. वरून.

उठता येईल अजून. पाय मोकळे नाहीत, पण जोर केला तर — नाही. करणार नाही. तुम्ही मला बसवलं नाही, ऐकताय ना? मी बसलोय. माझ्या हद्दीतला रूळ आहे.

खडी छातीला. उजवा हात वर आहे. रूळ थरथरतोय, पण हलत नाही. एकही खिळा हलत नाही. धूर दिसला. गिरिजा कुठल्या खिडकीत — बाळाचं डोकं आता तुळतुळीत असेल —

गिरिजा, खाली बघू नकोस. घट्ट आहे. मी धरून —