पाऊण इंची पाइपाचा वारस

मी, खाली सही करणार, वय त्र्याहत्तर, धंदा पाइप फिटिंग, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर राहून लिहून ठेवतो. ‘राजीखुशीने’ असा शब्द घालावा, असे वकीलसाहेब म्हणाले. मी घालत नाही. मी रागात आहे, आणि रागात माझे डोके नेहमीच नीट चालते.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक मुलीला. जावईबापूंनी यात सल्ला देऊ नये. त्यांच्या सल्ल्याने घेतलेल्या तीन वस्तू माळ्यावर गंजत पडल्या आहेत.

२. शेजारच्या मास्तरांना माझी शिडी. ती नऊ वर्षे त्यांच्याकडेच आहे. आता निदान हक्काने वापरतील.

३. मुलाला काहीही नाही. वर्कशॉप नाही, आटे पाडायची हत्यारे नाहीत, साधा पानासुद्धा नाही. कारण लिहितो, नाहीतर उद्या म्हणाल म्हातारा चळला होता.

घरच्या बॉयलरला गरम पाणी साठवायच्या दोन टाक्या जोडल्या, त्या याने. आमच्या जोडणीत पंप नाही. गरम पाणी आपसूक वर चढते, थंड खाली उतरते, म्हणून पाइप रुंद लागतो. दोन टाक्यांना सव्वा इंची, हे मी त्याला मिसरूड फुटायच्या आत शिकवले होते. तरी पठ्ठ्याने पाऊण इंची बसवला. पाणी फिरेचना. पहिली टाकी जेमतेम तापे, दुसरी थंडगार. मी बॉयलरवाल्याला शिव्या घातल्या, बॉयलर बदलला. पाइप जाड वेष्टणाखाली झाकलेला. अकराव्या हिवाळ्यात एक सांधा गळला, तेव्हा ते पाऊण इंची तोंड मला दिसले.

माझी बायको सगळ्यांच्या मागून आंघोळ करायची. अकरा हिवाळे कोमट पाणी, पण कधी ब्र काढला नाही. त्याच हिवाळ्यात ती गेली. भरल्या घरात मी मुलाला म्हणालो, “तुझ्या पाइपाने आईला गारठवलंस.”

तो म्हणाला, “बाबा, तो पाइप तुम्हीच काढून दिला होता.”

खोटारडा म्हणून मी त्याला घराबाहेर काढले. त्याला सात वर्षे झाली. पाइप मी बदलला नाही. पुरावा म्हणून तसाच ठेवला आणि स्वतः कोमट पाणी अंगावर घेत राहिलो.

४. तो पाइप माझ्यामागे कापून मुलाच्या दारात टाकावा.

५. एवढे काल लिहिले. मग वाटले, कलम चारसाठी मरायची वाट कशाला पाहायची? आज सकाळी मीच वेष्टण सोलले.

माझ्या वर्कशॉपची एक रीत आहे. कामावर जाणारा प्रत्येक पाइप मी स्वतः मापतो आणि त्यावर तांबड्या रंगाच्या दोन रेघा मारतो. रेघांशिवाय पाइप दाराबाहेर जात नाही. ते काम मी कधी कोणाला दिले नाही, मुलालाही नाही.

पाऊण इंची पाइपावर दोन रेघा आहेत. दुसरी डावीकडे झुकलेली. माझी नेहमी झुकते.

सव्वा इंची गिऱ्हाइकाला गेला असेल, घरच्यांना उरलेला चालेल असे मीच म्हटले असेल. मला आठवत नाही, आणि त्याचाच जास्त संताप येतो. पोराने बापाने दिलेला पाइप निमूट बसवला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी स्वतःच्या घरात दिली. चोर मीच होतो.

६. कलम तीन व चार रद्द. वकीलसाहेब म्हणाले, खोडू या, नवा कागद करू. अजिबात नाही. मी त्याला काय काय म्हणालो, ते माझ्याच अक्षरात राहू दे. वर्कशॉप आणि सगळी हत्यारे मुलाला. पाऊण इंची पाइप कोणालाही नाही. तो माझा.

७. मृत्युपत्र माणूस मेल्यावर उघडतात. मला तेवढा दम नाही. याची एक प्रत आजच मुलाच्या हातात द्यावी.

बाळा, येताना सव्वा इंची घेऊन ये. दोन रेघा तू मार.

ठिकाण : राहते घर, बॉयलरची खोली
दिनांक : १९ जानेवारी

सही : मृत्युपत्र करणार

साक्षीदार १ : गल्लीच्या तोंडाशी बसणारे डॉक्टर. आजोबा पूर्ण शुद्धीवर आहेत. रक्तदाब मात्र बराच चढला आहे.

साक्षीदार २ : समोरचे घड्याळजी. सही माझ्यादेखत झाली. प्रत घेऊन मीच निघालो आहे.