रेणू आली, मंजू राहिली

६ ऑगस्ट
सापडली! माही नात रेणू सापडली! दिवाळीत कंप्युटरच्या नोकरीले म्हणून गेली अन् पोहोचली म्यानमारात. तिथं कोंडून ठेवत, फोनवर लोकायले फसवायले लावत. आता तिकडची पोलीस अन् आपली पोलीस एक झाली, धाड पडली, यादीत नाव आलं. ठाण्यातले साहेब म्हणे, "माताजी, मिठाई खिलाइए." खिलवतो नं बा! अर्धा किलो पेढे. तात्यापाऱ्यात, हिंदी गावातल्या आमच्या मराठी मोहल्ल्यात, घरोघर दिले, गुडघे दुखले तं दुखले.
शेजारच्या कुसुमनं पेढा हातातच धरला. "काकू, माह्या मंजूचं नाव?" तिची पोट्टी बी तिथंच. म्हटलं, यादी लांब आहे, असंन. यादी एकच पान होती.

८ ऑगस्ट
मंजू नाही यादीत. धाडीच्या आधी काही पोरी दुसरीकडं हलवल्या म्हणे. साहेब सांगते, "दोनों देश बात कर रहे हैं." चोरायले सरहद्द ओलांडायले कागद लागत नाही, पोलिसायले मात्र शिक्का पाहिजे.

१३ ऑगस्ट
रेणू आली. वाळून काडी. वरणभात दोनदा घेतला, मी नुसती पाहत बसली. फोन वाजला की ताटावरून उठते.
संध्याकाळी साहेब. तिकडून कागद आला, कोणी कोणाले बोलावलं त्याचा. मंजूच्या पुढं रेणूचं नाव. रेणू म्हणे, "हाँ, एजेंट का नंबर मैंने दिया." साफ खोटं. साहेबानं तिच्यावर केस लिहिली.

१४ ऑगस्ट
खरं लिहून ठेवतो. संक्रांतीले सुनेचं हळदीकुंकू. मी विधवा, माह्या कपाळाले कोण बोट लावते? कोपऱ्यात होती. सकाळीच रेणूचा फोन, सब बढ़िया. (बाजूले माणूस उभा होता, हे आत्ता कळलं.) मले मिरवावं वाटलं. वाणाच्या वाट्यायमंदी रेणूच्या एजंटच्या नंबराच्या चिठ्ठ्या, तिचं नाव लिहून, मीच टाकल्या. एक वाटी कुसुमची; ती चिठ्ठी मंजूनं उचलली अन् तिथं गेल्यावर रेणूले सांगितलं.
रेणूले विचारलं, काहून खोटं बोलली वो? "आजी, आप थाने में क्या बैठोगी? मुझे आदत है." आदत म्हणते. बावीस वर्षाची.

१६ ऑगस्ट
भाजीवाल्यापाशी कुसुम मोठ्यानं, "आपली आणली, दुसऱ्याची विकली." रेणूनं ऐकलं. तवापासून खोलीत. जेवली नाही.

१७ ऑगस्ट
कुसुमच्या घरी जाऊन सारं सांगितलं. चिठ्ठी माही, रेणूचा दोष नाही, उद्या साहेबायले सांगतो. वाटलं, अंगावर धावून येईन. तिनं दार लोटून घेतलं. मंग म्हणे, "सांगू नका, काकू."
"काहून?"
"रेणूवर केस आहे तवरक तिकडचे इकडं विचारतात, मंजू कोण, कुठं गेली. तुम्ही सांगसान, केस मिटन. मंग माह्या पोरीची फाईल कोण उघडते?"
पाया पडली माह्या. मी तिले उठवलं बी नाही, तशीच उभी.
साहेब उद्या अकराले येतात. रेणूचं ताट झाकून ठेवलं आहे. दाराशी जाऊन दोनदा हाक मारली. आतून म्हणे, "आती हूँ." अजून आली नाही.