पंख्याच्या रजेच्या अर्जाची मूळ कॅसेट

मी, आसावरी दत्तोपंत खांबेटे, वय वर्षे त्रेसष्ट, अविवाहित, शाळेच्या कार्यालयातून निवृत्त झालेली कारकून, राहणार भिवंडी, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे, शरीर नाही. डॉक्टरांनी एक वर्ष सांगितले आहे. तीस वर्षे मी शिक्षकांचे रजेचे अर्ज तपासले. मागितलेली रजा सहसा पूर्ण मंजूर होत नाही, हे मला ठाऊक आहे, म्हणून आजच लिहिते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही.

सन २०११ मध्ये केलेले माझे मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करते. त्यातले पाचवे कलम चुकीचे होते. का चुकीचे, ते खाली कॅसेटच्या कलमात येईल.

कलम १. भिवंडीतील तळमजल्यावरच्या दोन खोल्या आईच्या नावावर होत्या, तिच्यानंतर माझ्या नावावर झाल्या. त्या माझा धाकटा भाऊ गंधार याची मुलगी नीरजा हिला द्याव्यात. मागच्या भिंतीपलीकडे पूर्वी लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना होता, आता गोदाम आहे. नीरजाला शांतता मिळेल. मला शांततेची कधी सवय झाली नाही.

कलम २. बँकेतील ठेव आणि निवृत्तीचे जे काही उरेल तेही नीरजालाच. बाप बोलत नसताना आत्याकडे येत राहणे सोपे नसते. ती दर महिन्याला आली.

कलम ३. वडिलांची पेटी. माझे वडील दत्तोपंत खांबेटे गाण्याच्या शिकवण्या घेत. मुलीचे नाव आसावरी आणि मुलाचे गंधार ठेवण्याइतका त्यांचा आमच्यावर विश्वास होता. तो आम्ही दोघांनी मिळून मोडला. माझा आवाज वरच्या सुरावर गेला की बाजूला सरकायचा आणि गंधारला पेटीपेक्षा गिटार आवडली, तीही पाच तारांची, कारण सहावी तुटली आणि ती आणायला मुंबईला जायचा आम्हाला कंटाळा होता. पाहुण्यांना आतून आवाज ऐकू आले की वडील सांगत, "मुलं टायपिंग शिकतायत." एकदा चिडून म्हणाले, "ओल्या काडेपेटीसारखी पोरं. घासा, घासा, पेटायचं नाव नाही." त्याच दिवशी आम्हाला आमच्या बँडचे नाव मिळाले. ओली काडेपेटी.

ही पेटी गाणे शिकणाऱ्या कोणत्याही गरजू मुलीला द्यावी. तिचा सूर लागतो की नाही, याची चौकशी करू नये.

कलम ४. पाच तारांची गिटार आणि तेलाचा रिकामा डबा. डबा मोरूचा आहे. मोरू अंजूरचा, शेतकऱ्याच्या घरातला, मागच्या कारखान्यात लूम दुरुस्त करायचा. रात्रपाळी असली की दुपारी आमच्याकडे येऊन हा डबा आणि सुताच्या कांड्या ठेवायची लाकडी पेटी वाजवायचा. तोच आमचा ड्रमवाला. भिंतीपलीकडच्या लूमची खटखट त्याने आमच्या गाण्यात आणली, म्हणजे ती येतच होती, त्याने आम्हाला तिच्यावर गायला शिकवले. वडिलांना तो एकदा तोंडावर म्हणाला, "मास्तर, रागावू नका. तुमच्या तबलजीचा हात दुखतो. लूमचा दुखत न्हाय. ताल म्हंजे त्यो हाय."

शुक्रवारी कारखान्याला सुट्टी, लूम बंद असत. एका शुक्रवारी आम्ही शांततेत रेकॉर्डिंग करून पाहिले. ऐकताना गाणे पोरके वाटले. मोरू म्हणाला, "घरात कुणी नसल्यावानी वाटतंय." पुन्हा कधी शुक्रवारी गायलो नाही.

मोरू तीन वर्षांपूर्वी गेला. डबा त्याचा मुलगा विपुल याला अंजूरला नेऊन द्यावा. त्याला पोचे आले आहेत, ते सरळ करू नयेत. गिटार नीरजाला.

कलम ५. आमच्या आळीच्या गणेश मंडळाने १९९० साली आमच्या तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर माइक बंद केला. गाणे मोरीतल्या झुरळाच्या लग्नाचे होते, त्यात आक्षेपार्ह काही नव्हते, झुरळाच्या सासूचा मान ठेवलेला होता. मंडळाला माझ्या पैशांतून एक चांगला माइक घेऊन द्यावा. त्याला बंद करण्याचे बटण नसावे. असा माइक मिळत नसल्यास काही देऊ नये.

कलम ६. कॅसेट.

कॅसेट सात आहेत. सहा नीरजाला. सातवी, जिच्यावर माझ्या हस्ताक्षरात 'पंखा, डिसेंबर ९१' असे लिहिले आहे, तिच्याबद्दल हे कलम आहे.

आमच्याकडे टेपरेकॉर्डर एकच होता आणि त्याची वायर पोचेल असा प्लग एकच, स्वयंपाकघराच्या दाराजवळ. म्हणून टेप उंबरठ्यावर ठेवायचा. बाहेरच्या खोलीत आम्ही तिघे आणि आत आई, सुमती. त्यामुळे आमच्या प्रत्येक गाण्यात कुकरची शिट्टी आहे, फोडणी आहे, आईचे "दूध उतू जाईल गं" आहे. गाण्यात चुका आहेत. मी हसू आवरत गाते, ते कळते. एका गाण्यात मोरू डब्यावरून घसरतो आणि पडल्यावरही वाजवत राहतो.

'पंखा' हे गाणे मी ऑफिसात लिहिले, एका मास्तरांच्या रजेच्या अर्जामागे.

महोदय, मी पंखा, छताला टांगलेला,
तीन नंबरवर फिरून फिरून भंजाळलेला.
आठ दिवस रजा मिळावी, नम्र विनंती,
माझ्या जागी बदलीवर द्यावी एक खिडकी.

त्या दिवशी मोरू होता, लूम चालू होते, वडील शिकवणीला गेले होते. शेवटचे कडवे चालू असताना आतून आईची हाक येते, "गंधार… ए गंधार." गिटार न थांबवता गंधार म्हणतो, "आई, दोन मिनिटं." गाणे पुढे जाते आणि संपते. अकराव्या दिवशी आई गेली. हृदयविकार. सगळे म्हणाले, अचानक गेली.

आईचा शेवटचा आवाज माझ्यापाशी त्या टेपवर उरला. वर्षातून एकदा, तिच्या तिथीला, मी तो ऐकायची.

२००६ साली गंधार ठाण्याहून आला. तेव्हा तो तिकडे स्थायिक झाला होता. त्याने आधी कॅसेट नेल्या होत्या, परत आणल्या त्या एका सीडीसकट. कौतुकाने म्हणाला, "ताई, सगळी गाणी साफ करून घेतली. ऐक." मी ऐकली. लूम नव्हते. कुकर नव्हता. माझा आवाज सरळ केलेला होता, जणू माझ्या नावाची दुसरी कोणी गात होती. आमची सगळी गाणी कायमची शुक्रवारात जाऊन बसली होती. आणि पंख्याच्या गाण्यात आई नव्हती.

मी विचारले, "आई कुठे गेली?"

तो म्हणाला, "डिस्टर्बन्स होता तो."

मी ती सीडी त्याच्यासमोर मोडली आणि त्याला दार दाखवले. तो गेला, नंतर आला नाही. मी बोलावले नाही. २०११ च्या मृत्युपत्रात पाचवे कलम लिहिले की मूळ कॅसेटमधून कोणीही, विशेषतः माझ्या भावाने, एक क्षणही कापू नये.

चार वर्षांपूर्वी नीरजाने मला विचारून ही गाणी जशीच्या तशी इंटरनेटवर टाकली. मला वाटले, कोण ऐकणार. लोकांनी ऐकली. कुठल्या कुठल्या गावांची मुले लिहीत होती. एका मुलीने लिहिले, "मी हॉस्टेलवर एकटी राहते. ही गाणी लावली की शेजारच्या खोलीत कुणीतरी आहे असं वाटतं." सुरेल गाण्यासमोर माणूस सावरून बसतो. आमच्या गाण्यासमोर कोणाला सावरावे लागत नसे. आम्हीच पडलेले होतो. हे वडिलांना सांगायला मी चाळीस वर्षे उशीर केला.

सर्वांत जास्त ऐकले गेले ते पंख्याचे गाणे, आणि त्यातही ती जागा. "आई, दोन मिनिटं" हे मुलांचे बोलणेच झाले. नीरजा मला हसत हसत सांगायची, मीही हसायची.

मागच्या डिसेंबरात ठाण्यात एका कार्यक्रमात कॉलेजच्या मुलांनी ते गाणे गायले. नीरजाने बापाला आग्रह करून नेले होते. ती जागा आली तेव्हा दोनशे मुले एका आवाजात ओरडली, "आई, दोन मिनिटं." आणि हशा झाला. नीरजाने मागे पाहिले तर गंधारची खुर्ची रिकामी होती. तो बाहेर जिन्यात बसला होता. नंतरच्या रविवारी तो भिवंडीला आला. एकोणीस वर्षांनी. केस पांढरे, कशेळीच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास अडकून आलेला. दारातच म्हणाला, "ताई, तुला बरं नाही म्हणे."

मी म्हटले, "आत ये. चहा टाकते."

चहा झाला. मग म्हणाला, "त्या टेपवर तुला आईची हाक ऐकू येते. मला माझं उत्तर ऐकू येतं."

मला कळले नाही. तो सांगत गेला, ते त्याच्याच शब्दांत लिहिते.

"गाणं संपल्यावर मी आत गेलो. तू आणि मोरू टेप मागे घेऊन ऐकत होतात. आई ओट्याला टेकून खाली बसली होती. पोलकं घामाने भिजलेलं. मी म्हटलं, ताईला हाक मारतो. म्हणाली, नको, उगाच घाबरेल. पित्त झालंय. आणि मला विचारलं, पंख्याचं झालं का पूर्ण? मी पाणी दिलं. ती उठली, भाकऱ्या केल्या. मी कुणाला सांगितलं नाही. अकराव्या दिवशी सगळे अचानक अचानक म्हणत होते. ताई, अचानक नव्हतं. मला माहीत होतं."

मी विचारले, "मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? तू दर वर्षी लावून ऐकायचीस."

कोणी डॉक्टर कधी म्हणाले नाहीत की त्या दोन मिनिटांनी काही फरक पडला असता. मी त्याला हे सांगितले. त्याने मान हलवली. ही गोष्ट त्याने स्वतःला खूप वेळा सांगून पाहिली असावी.

मग तो म्हणाला, "लाव." मी नको म्हटले. तो म्हणाला, "एकदा तुझ्यासमोर ऐकतो." मी सातवी कॅसेट लावली. तो खुर्चीत, हात गुडघ्यांवर. लूम सुरू झाले, मोरूचा डबा आला, माझा एकोणतीस वर्षांचा वेडावाकडा आवाज आला. शेवटच्या कडव्यात आईने हाक मारली तेव्हा गंधार उठला. "आलो," म्हणाला, आणि स्वयंपाकघरात गेला. एकसष्ट वर्षांचा माणूस. टेपवर पंख्याचा अर्ज चालूच होता. मी बंद केला नाही. तो आत बराच वेळ उभा होता. नंतर नळ सुरू झाल्याचा आवाज आला.

सबब ही सातवी कॅसेट मी गंधार दत्तोपंत खांबेटे यास देते. ती ठेवणे, पुसणे, हवे तेवढे कापणे किंवा खाडीत टाकणे, याचा संपूर्ण अधिकार त्याचा. इंटरनेटवरचे ते गाणे राहावे की काढावे, हे नीरजाने त्याला विचारून करावे, आणि एकदाच विचारावे. तो काय करणार हे मी विचारलेले नाही.

कलम ७. माझ्या मागे दिवस घालू नयेत. कोणी गायचे ठरवल्यास शास्त्रोक्त गाऊ नये.

कलम ८. हे कलम मालमत्तेचे आहे, असे मी समजते.

'पंखा' नीट ऐकल्यास "दोन मिनिटं" नंतर गाणारीचा आवाज चढतो. मुलांना तो उत्साह वाटतो. नीरजालाही वाटतो. तो उत्साह नव्हता. आईची हाक मलाही ऐकू आली होती. ती नेहमीची नव्हती, हेही कळले होते. पण कडवे शेवटचे होते, टेप संपत आली होती, आणि पहिल्यांदाच मी न अडखळता इथवर आले होते. दुसरी हाक आलीच तर ती टेपवर येऊ नये, म्हणून मी मोठ्याने गायले. दुसरी हाक आली की नाही, मला सांगता येत नाही. माझ्या आवाजाखाली काही ऐकू येत नाही. चौतीस वर्षे मी तिथेच कान देऊन ऐकते आहे. तिथी हे निमित्त होते.

ती दोन मिनिटे आजवर एकट्या गंधारच्या नावावर राहिली. त्यातला अर्ध्याहून मोठा हिस्सा माझा आहे. तो माझ्या नावावर लावावा. तो मी कोणाला देत नाही, बरोबर नेते.

हे कलम गंधारला आज सकाळी वाचून दाखवले. त्याने कागद ओढून घेऊन पुन्हा वाचला. मग म्हणाला, "ताई, हे कागदावर नको. लोक वाचतील."

मी म्हटले, "म्हणूनच लिहितेय."

त्याने पेन उचलून माझ्या हातात दिले.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि खाली मी साक्षीदारांच्या देखत सही करीत आहे. ज्यांना यातून काही मिळते त्यांना साक्षीदार केलेले नाही. गंधार व नीरजा सही होईपर्यंत बाहेरच्या खोलीत थांबले आहेत.

(सही) आसावरी दत्तोपंत खांबेटे

साक्षीदार:
१. (सही) केसरीनाथ पाटील, निवृत्त शिक्षक, भिवंडी. यांच्या रजेचे अर्ज मी अनेकदा परत पाठवले, तरी आले.
२. (सही) हरेश म्हात्रे, शेजारी, भिवंडी.

स्थळ: भिवंडी
दिनांक: १८ जानेवारी २०२६