लाल भोवरे आणि आईचे वाल

शिळफाटा, मंगळवार संध्याकाळ

आज डोकं फिरलंय. द्रवात चिकटपणा जवळजवळ नसेल, तर सपाट प्रवाहातले छोटे भोवरे मरत नाहीत, एकमेकांत मिसळून मोठे होतात. प्रबंधात एवढंच दाखवायचंय. पण माझ्या प्रोग्राममध्ये कुठूनतरी घर्षण घुसतंय आणि पडद्यावरचे लाल भोवरे बघता बघता विरतात. उद्या सरांना काय दाखवू, कपाळ?

त्यात दुपारी आई कॉम्प्युटरजवळ येऊन उभी. "वादळ हाय का गं?" मी वैतागून नुसतं "हं" म्हटलं. तिनं गच्चीवर वाळत घातलेले वाल आत घेतले आणि शेजारच्या काकूंना सांगितलं. काकूंनी त्यात पाऊस घातला, त्यांच्या जावेनं रसायनीचा पूर. आत्ता कुंभिवलीहून मावशीचा फोन. "आमी पण वाल आत घेतले. तुझ्याच कॉम्प्युटरवर दिसलं ना?"

"मावशी, वादळ नाही गं येत."

"मग लाल कशाला दिसलं?"

बाहेर पान हलत नाहीये. इथे लाल भोवरे परत विरले. आईचा भोवरा मात्र मोठा होत होत कुंभिवलीपर्यंत पोचला, वाटेत कुठेही न घासता. आणि तो फिरवला कोणी? मीच, एका "हं"नं.